सकाळी अकराचा आकडा

३ फेब्रुवारी
साखर आहे म्हणे. मला! सहावा महिना, ते गोडमिट्ट पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, तर आकडा वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर बहुतेक जाते. तोवर सांभाळा, नाहीतर बाळ अंगानं फार वाढेल." मशीन दिलं – बोट टोचायचं, पट्टीवर थेंब, आकडा वहीत.

८ फेब्रुवारी
उपाशीपोटी ८८. जेवणानंतर ११२. शहाणी मी!
सासूबाई ताटाकडे टक लावून बघतात. "एवढंच? पोराला उपाशी मारशील." संध्याकाळचं दूध त्याच आणून देतात. आज जरा गोड लागलं. की मलाच तसं वाटलं?

१२ फेब्रुवारी
पट्ट्यांची डबी हलकी वाटते. सासूबाईंच्या बोटाला चिंधी – शिवताना सुई टोचली म्हणे. नवरा म्हणतो, "तुला हल्ली सगळीकडे चोर दिसतात." आईचा विषय निघाला की याचं हे असं.

१३ फेब्रुवारी
दूध कुंडीत ओतलं.

१७ फेब्रुवारी
तपासणी. डॉक्टरीणबाईंनी वही बाजूला सारली आणि मशीनच बघितलं. त्यात जुने आकडे साठून राहतात, हे मला कुठे ठाऊक? २८६. ३१२. २९४. "वहीत एक, मशीनमध्ये दुसरंच? मला फसवून काय मिळणार? सोमवारपासून इन्सुलिन." भर दवाखान्यात रडले. बाळाचं काय होईल, याचीच भीती.
घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "दुधात काय घालता?" त्या शिवण ठेवून गप आत गेल्या. मनात पाप नसतं तर बोलल्या असत्या.

१८ फेब्रुवारी
मशीनची बटणं दाबत बसले. आकड्याखाली वेळही येते. तिन्ही आकडे सकाळी अकराचे. अकराला मी चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेत असते. घरी एकट्या सासूबाई. म्हणजे मशीनशी खेळ चाललाय तर!

१९ फेब्रुवारी
साडेदहालाच दुकानातून निघाले. पावलं न वाजवता आत शिरले. सासूबाई खिडकीपाशी, मशीन मांडीवर, बोट दाबून थेंब काढत होत्या. आकडा ३२१. त्यांचा.
"तहान भागत नव्हती," म्हणाल्या. "म्हटलं, तुझं होईपर्यंत घरात दुसरं दुखणं नको." डाव्या हाताची सगळी बोटं टोचलेली. मला फार लाज वाटली.

२० फेब्रुवारी
दोघी दवाखान्यात गेलो. माझं इन्सुलिन रद्द, त्यांची औषधं सुरू. संध्याकाळचं दूध आज मी नेऊन दिलं. एक घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.