खाप्याचं पागोटं आणि दर्यावरचं भिंग

महाल, नागपूर
दि. ४ एप्रिल १९३६

चि. गिरिधरास यमुताईचे अ. उ. आ.

मी बोलते तसंच लिहिते, चुका काढू नको.

खाप्याचे कापडवाले मारोतराव, ज्यांच्या चारुशीलेले तू संक्रांतीत पाहून आला आणि तेव्हापासून दर पत्रात खाप्याकडची हवा कशी आहे म्हणून विचारून राहिला, ते परवा सीताबर्डीवर आपल्या बाबांना भेटले. मुलगा कोकणात काय करतो म्हणून त्यांनी विचारलं. बाबांनी छाती काढून सांगितलं, सरकारचा दिवा लावतो. झालं! मारोतरावांच्या डोळ्यापुढं खांद्यावर शिडी घेऊन गल्लीतले कंदील पेटवणारा म्युनिसिपालटीचा माणूस उभा राहिला. म्हणाले की आमची पोरगी रोज तुळशीपुढं दिवा लावते, तिले कोणी सरकारी नोकरी नाही दिली.

बाबा तरी काय समजावणार, त्यांनी अंबाझरी तलावापलीकडं पाणी पाहिलं आहे का? आता मारोतराव लेकीसाठी सावनेरच्या एका तहसील कारकुनाची चौकशी करून राहिले. बाबांनी गयावया करून त्यांना मे महिन्यात घरी फराळाले बोलावलं आहे. तेवढीच एक संधी आहे. तू नेमकं काय करतो ते नीट लिही, आणि दाखवण्यासारखं काही असेल तर पाठव. ती मुलगी हातची गेली तर तू जन्मभर तोंड पाडून बसशील, आणि ते तोंड मलेच पाहावं लागेल.

तुझी काळजीत पडलेली,
यमुताई

---

दीपगृह, मु. खडपेवाडी
दि. १४ एप्रिल १९३६

ती. सौ. यमुताईस गिरिधरचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. बाबांना म्हणावं, मारोतरावांना असं सांगा.

आमचा मनोरा शंभर फूट उंच आहे, दगडी, खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे लाट आपटली तरी तिला पकडायला काही सापडत नाही. पूर्वी लोक टेकडीवर लाकडं पेटवायचे, मग तेलाच्या वाती आल्या. पण अर्धा उजेड आभाळात वाया जायचा. शंभरेक वर्षांमागे एका फ्रेंच माणसानं डोकं चालवलं आणि दिव्याभोवती काचेची कडी अशी बसवली, की सगळा उजेड एका सरळ पट्ट्यात समुद्रावरच जावा. दिवा घासलेटचाच, पण वीस मैलांवरून दिसतो. ते भिंग दोन टनांचं आहे आणि पाऱ्याच्या हौदात तरंगतं. एका बोटानं ढकल, फिरतं! घड्याळासारखं यंत्र त्याला फिरवतं आणि चावी मी देतो. आमचा झोत दर दहा सेकंदांनी दिसतो, शेजारच्या दिव्याचा पंधरांनी. कप्तान मोजतो आणि आपण कुठं आहोत ते ओळखतो. मला डुलकी लागली तर दोनशे माणसं खडकावर जातील. एवढंच माझं दिवा लावणं.

जुन्या भिंगाचा एक तुकडा कोठारात पडून होता, कोपरा उडालेला. साहेबांना विचारून तो खोक्यातून पाठवतो आहे. पण ताई, नीट ऐक. ऊन असताना तो उघडा ठेवायचा नाही. इथंही सकाळ झाली की माझं पहिलं काम भिंगाभोवती पडदे ओढायचं. हेच खोक्यावर लिहिलं आहे आणि आत चिठ्ठीही आहे. हे पत्र, खोकं आणि चिठ्ठी, बाबांना तिन्ही वाचून दाखव.

खाप्याकडची हवा कशी आहे?

तुमच्या मायेवर टिकून असलेला,
गिरिधर

---

महाल, नागपूर
दि. १० मे १९३६

चि. गिरिधरास अ. उ. आ.

कुठून सुरू करू रे बाबा!

भिंग आलं. मी त्याच्यावर सतरंजी टाकली, तिन्ही सूचना बाबांना वाचून दाखवल्या. बाबा हो हो म्हणाले. काल सकाळी साडेआठले मारोतराव आले. आता तुले आपले बाबा माहीत आहेत. पाहुण्यापुढं चांगली वस्तू झाकून ठेवणं म्हणजे त्यांना पाहुण्याचा अपमान वाटतो. त्यांनी भिंग पूर्वेच्या खिडकीत ठेवलं, सतरंजी काढली, आणि मारोतरावांना मानाच्या जागी बसवलं. मानाची जागा कुठली? खिडकीखालचा लोड! भिंगापासून दीड हातावर. मी फराळाचं घेऊन येईस्तोवर सगळं होऊन गेलं होतं.

मारोतरावांना डोकं गरम लागत होतं म्हणे, पण मे महिन्यात नागपुरात डोकं गरम लागलं तर कोण तक्रार करते? ते बाबांना समजावून राहिले होते की कितीही मोठा असला तरी दिवा तो दिवाच, त्यानं कोणाचं काय होते? एवढं बोलले आणि त्यांच्या लाल पागोट्यातून धूर निघाला. बाबांनी हातातलं पन्हं ओतलं. सगळं, गुळासकट.

पागोट्याले आवळ्याएवढं भोक पडलं. खुद्द त्यांच्या दुकानातलं पागोटं! मारोतराव बोडक्या डोक्यानं उठले, भिंगाकडं पाहिलं, मी तुझ्या तिन्ही सूचनांचं सांगितल्यावर खोक्यातली चिठ्ठी मागितली, खिशात टाकली आणि तसेच मोटारीत बसले. बाबा कालपासून जेवले नाहीत. कारकुनाच्या घरी पेढे वाटले जातील आता. मले तुझं लई वाईट वाटते गा.

रागावू नको बाबांवर.
यमुताई

---

दीपगृह, मु. खडपेवाडी
दि. १८ मे १९३६

ती. सौ. यमुताईस शि. सा. न. वि. वि.

बाबांना जेवायला सांग. चूक माझी, मी खोकं पाठवायलाच नको होतं. काल चावी देताना मोजत होतो आणि मोजता मोजता खापा आठवला, डोळ्यांत पाणी आलं. पण झोत चुकला नाही हो, काळजी करू नकोस.

मारोतरावांच्या पागोट्याचं माप कळव. नवं पाठवीन म्हणतो. आता खाप्याकडची हवा विचारत नाही.

माया पाठीशी असू दे,
गिरिधर

---

खापा
दि. २३ मे १९३६

चि. गिरिधरराव यांस मारोतरावचे अ. उ. आ.

तुमचे वडील बाबाराव यांच्याकडून पत्ता घेऊन लिहून राहिलो आहे. 'चिरंजीव' लिहिलं हे नजरेत आलं असेलच.

पागोट्याचा राग चार दिवस होता. पागोटं दुकानात खुंटीवर टांगलं आहे, गिऱ्हाइकं भोकातून बोट घालून पाहतात. पण तुमची चिठ्ठी चारुशीलेनं वाचली. तिनं मले बसवून विचारलं की तुमचे कारकून एक काम तीनदा बजावून सांगतील का? मग म्हणाली, ज्या माणसाले चारशे कोसांवरून आपल्या घरातल्या उन्हाची काळजी, तो घरात असला तर किती करेल! सावनेरले नकार कळवला.

एक काम आहे. तुमच्या भिंगाभोवती जो पडदा ओढता त्याची लांबी रुंदी लवकर कळवा. सरकारी कापड कसं असते ते मले ठाऊक आहे. आमच्या मागावर जाड सूत लावून ठेवलं आहे, शिवण मुलगी स्वतः घालणार आहे. पडदा डाकेनं पाठवणार नाही. लग्नाचा मुहूर्त मार्गशीर्षात निघतो, त्यानंतर जिनं शिवला तीच घेऊन येईल.

मागाहून मीही दिवा पाहाले येईन. मान द्यायचा असेल तर सावलीतली जागा द्या. पागोटं खाप्याले ठेवून येतो.

लेकीसोबत आमचा लोभही तुमच्या हवाली,
मारोतराव