खोली संघटनेला, किल्ली उत्तरेश्वरला

श्री तुळजाभवानी प्रसन्न

चि. उत्तरेश्वर, तुझा गुडघा कसा आहे? पाटोद्याच्या बँकेच्या दारात दिवसभर उभं राहायचं काम. मधूनमधून बसत जा, बंदूक काही एकटी पळून जात नाही. सूनबाईंची अर्धशिशी उतरली का? चि. तुळजा, तुझ्या सासरी, युसूफ वडगाव गावात टँकर वेळेवर येतो का, आणि तुझी साखर किती आहे? रक्तातली विचारतो, डब्यातली नव्हे. जावईबापूंची कंबर सरळ झाली असेल अशी आशा आहे. सुभेदार सुंदरराव, कानातलं मशीन कानात घालता का अजून खिशातच ठेवता? बंकट, तुझा दमा? रतनबाई, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून म्हणे तुम्हाला आमच्या सुरकुत्या दिसायला लागल्या. आमचा नाइलाज आहे. गीताबाईची खुशाली विचारत नाही, कारण ती शेजारी बसून शेंगा फोडत आहे आणि "आता काय लिहिलं?" असं दर ओळीला विचारत आहे.

मृत्युपत्रात आधी खुशाली विचारत नाहीत, असं माजलगावचे वकील म्हणाले. त्यांचं बरोबर असेल. पण मी शाळेत फार टिकलो नाही. लिहायला शिकलो तो फौजेतून घरी पत्रं लिहिता लिहिता. खुशाली विचारल्याशिवाय माझा पेन पुढे सरकत नाही.

तर, मी खाली सही करणार धोंडीराम सटवाजी चौरे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त हवालदार, लष्करी ट्रकचा ड्रायव्हर, सध्या धंदा शेती, राहणार दिंद्रुड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी पाजलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. खात्री करायची असेल तर गीताबाईला विचारू नये. ती नाही म्हणेल, पण तिचं ते मत लग्नापासूनचं आहे.

कलम पहिले. राहतं घर गीताबाई आहे तोवर गीताबाईचं. तिला कोणी "आता तुम्ही मागच्या खोलीत झोपा" म्हणायचं नाही. तिच्यामागे घर उत्तरेश्वर आणि तुळजा यांना निम्मं निम्मं. आपल्याकडे बहिणीला साडीचोळी करून तलाठ्याकडे नेतात आणि हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा घेतात. ती चाल या घरात चालणार नाही. साडीचोळी करावी, कागद करू नये.

कलम दुसरे. विहिरीखालची जमीन उत्तरेश्वरला. विहीर यंदा तळाला गेली आहे, पण विहिरीचा स्वभाव माणसासारखाच, बरे दिवस आले की वर येते. साखर कारखान्याचा शेअर गीताबाईच्या नावावर करावा. दुष्काळात ऊस नाही, पण सभासदाला दिवाळीची साखर मिळते, आणि ती आणायला जाताना गीताबाई जो रुबाब करते तो बघण्यासारखा असतो. पान्यांची पेटी जावईबापूंना. ते पाना उलटा धरतात हे मला माहीत आहे. काळी ट्रंक तुळजाला, कारण लहानपणी ती तिच्यातच लपायची.

कलम तिसरे. सुभेदार सुंदरराव यांना मी काहीही ठेवत नाही. एक कारण असं, की ते या कागदाचे साक्षीदार होणार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील सांगतात. दुसरं कारण असं, की दर पंधरा ऑगस्टला ते माझं नाव "ड्रायव्हर धोंडीराम" असं पुकारतात. हवालदार म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. हा राग मी वर घेऊन जाणार नाही, तो त्यांनाच परत करत आहे. बंकटही साक्षीदार, म्हणून त्यालाही काही ठेवता येत नाही. सबब माझा रेडिओ त्याला कालच हातात नेऊन दिला.

कलम चौथे. हे लांबणार आहे. गीताबाई म्हणते, "आवं, खोलीचं लिवा की आधी, तेच तर घशात अडकलंय तुमच्या." खरं आहे.

बाजाराच्या रस्त्यावर माझ्या मालकीची एक खोली आहे. मूळची ती दूध संस्थेची. संस्था बुडाली तेव्हा मी ती लिलावात घेतली. गेली कित्येक वर्षं तिच्यात आमची माजी सैनिक संघटना बसते. आता सगळे विचारतात, धोंडीरामामागं खोलीचं काय? मोबाइलच्या दुकानवाला दोनदा येऊन माप घेऊन गेला. मी अजून खोकलोसुद्धा नव्हतो.

संघटना कशाला, असं गावातले लोक विचारतात. कोणी दवाखान्याच्या कार्डासाठी येतो, कोणी हयातीच्या दाखल्यासाठी, कोणी कॅन्टीनच्या सामानासाठी. पण तेवढ्यासाठी माणूस रोज येऊन बसत नाही. फौजेतून आलेल्या माणसाला घरचे म्हणतात, आला बाबा एकदाचा. तो मात्र अजून यायचाच असतो. आमच्या खोलीत बर्फाचं नाव काढलं तर "लई मजा असंल" असं कोणी म्हणत नाही. मी परत आल्यावर पहिली दोन वर्षं कोणाशी धड बोललो नाही. या खोलीत बोलायला लागलो.

मग लोक येत का नाहीत? त्याचं कारण खुर्च्या.

सुंदररावांनी पहिल्या दिवशी बैठक लावली ती अशी: सुभेदार, नायब सुभेदार पुढे, गादीच्या खुर्चीवर. हवालदार, नायक मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर. लान्स नायक, शिपाई सतरंजीवर. मला प्लास्टिक मिळालं, मी बसलो. पण बंकट फौजेत स्वयंपाकी. मेंढरं राखणाऱ्या घरातला, जवानांना बर्फात गरम भाकरी देणारा माणूस. तो सतरंजीवर बसायला लागला तर सुंदरराव म्हणाले, "बंकट, तू लंगरचा माणूस. चहाचं तू बघ बे."

बंकटने चहा केला, सगळ्यांना दिला, कपबश्या विसळून ठेवल्या आणि गेला. परत आला नाही. मी आणायला गेलो तर म्हणाला, "धोंडीबा, नोकरीत केला तो चहा सरकारचा होता. आता मी रिटायर हाय."

पुढे उत्तरेश्वर सतरा वर्षं नोकरी करून आला. मी मोठ्या हौसेने त्याला खोलीत नेलं. सुंदरराव म्हणाले, "ये जवान. कोणती लढाई?"

"लढाई न्हाई साहेब. पोस्टवर होतो, बर्फात."

"म्हंजे पासष्ट न्हाई, एकाहत्तर न्हाई, कारगिल न्हाई?"

"न्हाई साहेब."

"बरं. बस तिकडं."

उत्तरेश्वर बसला. चहा अर्धा ठेवून उठला. घरी मला म्हणाला, "आप्पा, सतरा वर्षं रांगेत उभा राहून आलो. आता गावात येऊन परत कावून रांगेत उभा राहू?" त्याच्या वयाचे बाकीचे सगळे त्याच्यामागे गेले. आता खोलीत आम्ही म्हातारे उरलो आहोत, आणि एकमेकांना तीच तीच लढाई सांगतो. ऐकणारा झोपला तरी सांगणारा थांबत नाही.

यंदा दुष्काळ पडला आणि माळावरची जनावरांची छावणी चालवायला आमच्या संघटनेकडे आली. सुंदररावांच्या अंगात वीज शिरली. फक्कीने रेघा आखल्या, खुंट्या ठोकल्या. मग आमच्या लक्षात आलं, की जनावरंसुद्धा त्यांनी मालकाच्या हुद्द्याने बांधली आहेत! सुभेदारांचे बैल लिंबाच्या सावलीत, पाण्याच्या हौदाशेजारी. हवालदारांच्या म्हशी मध्ये. शिपायांच्या गाया टोकाला, उन्हात. हसू नका. आम्हालाही दोन दिवस त्यात काही वावगं वाटलं नाही. आयुष्यभर तसंच बांधून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी रतनबाई आल्या. त्यांचे मालक अर्जुनराव शिपाई होते, एकाहत्तरच्या लढाईत गेले. संघटना दरवर्षी रतनबाईंना नारळ देते, पण खोलीत बसायला कधी बोलावत नाही. त्यांनी टोकाची आपली गाय सोडली, सगळ्या रांगा ओलांडून आणली आणि हौदापाशी सुंदररावांच्या बैलाशेजारी बांधली.

सुंदरराव धावले. "रतनबाई, ही शिपायाची लाइन न्हाई!"

"कुणाची हाय?"

"सुभेदाराची."

"मग इचारा की तुमच्या बैलाला, त्यानं कोणती लढाई मारली. माजी गाय गाभण हाय, तिला तहान लागली. तिचा हुद्दा एवढाच."

सगळी छावणी थांबली. सुंदररावांनी बैलाकडे बघितलं. बैल चांगला गुबगुबीत, हौदात नाक घालून उभा. आणि सुंदरराव हसायला लागले ते खाली बसेपर्यंत. म्हणाले, "बाईनं आमची बदली केली रे!" आपल्या हाताने बैल सोडून त्यांनी टोकाला नेला. त्या दिवसापासून रोडकी आणि गाभण जनावरं हौदाशी, धट्टीकट्टी लांब.

बंकटही आपल्या गाया घेऊन आला. आल्या आल्या बजावलं, "जनावरं घिऊन आलोय, मेंबर होऊन न्हाई." उत्तरेश्वर सुटीवर आला, छावणी बघायला म्हणून गेला आणि कडबा उतरवायला लागला. दुपारी तो आणि सुंदरराव एका पेंढीवर बसले होते. सुंदररावांनी विचारलं, "बर्फात प्यायला पाणी कसं करत होता बे तुमी?" उत्तरेश्वर सांगायला लागला. स्टोव्हवर बर्फ वितळवायचं, एक तांब्या पाण्याला किती वेळ लागायचा, आणि एकदा त्या तांब्यासाठी बर्फ आणायला गेलेला त्याचा जोडीदार कसा परत आला नाही. मी हौदाआड उभा राहून ऐकत होतो. माझ्या पोराच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. सुंदररावांनी कानातलं मशीन दोन बोटांनी दाबून धरलं होतं.

तेव्हा ठरवलं. बाजाराच्या रस्त्यावरची खोली माझ्यामागे माजी सैनिक संघटनेला द्यावी, पण पुढीलप्रमाणे. खोलीत वेगवेगळ्या खुर्च्या राहणार नाहीत. बसायचं तर सगळ्यांनी एकाच सतरंजीवर, गुडघे दुखणाऱ्याने भिंतीला टेकून. वर्दी घातलेला प्रत्येक जण, स्वयंपाकी, न्हावी, धोबी, ड्रायव्हर, सारख्या मताचा सभासद. रतनबाई आणि त्यांच्यासारख्या बायकाही तशाच सभासद, नारळ घेऊन परत पाठवायच्या पाहुण्या नव्हेत. नव्या आलेल्याला कोणती लढाई, हे कोणी विचारायचं नाही. त्याला पाणी द्यावं, आणि तो बोलेल तेव्हा ऐकावं. निवडणुकीत खोलीच्या दारावर कोणाचाही फलक लागणार नाही, जातभाईचाही नाही.

आणि खोलीची किल्ली चि. उत्तरेश्वर याच्याकडे राहील. त्याने किल्ली घेतली तर त्याच्या वयाचे येतील, आणि खोली चालेल. त्याने नाही म्हटलं तर संघटनेला खोली देण्यात अर्थ नाही. आमच्यातला शेवटचा म्हातारा तिला कुलूप लावून मरेल. मग खोली भाड्याने द्यावी, मोबाइलवाल्याने माप घेतलेलंच आहे, आणि भाडं गीताबाईने घ्यावं. उत्तरेश्वरवर सक्ती नाही. नाही म्हटल्याने घराच्या, जमिनीच्या वाट्यात काडीचा फरक पडणार नाही.

कलम पाचवे. मला पोचवायला येताना टोप्या घालून या, पण ओळीत उभे राहू नका. सावली असेल तिथे उभे राहा. बिगूल वाजवणारा मिळाला नाही तर शाळेतल्या पोरांचा बँड आणू नये. त्यांना एकच चाल येते आणि ती लग्नाची आहे.

येथपर्यंत घरी लिहिलं. पुढचं बंकटच्या आखाड्यावर, म्हणजे त्याच्या शेतातल्या खोपटापाशी लिहीत आहे, त्याचं कारण सांगतो. साक्षीला बंकट म्हणाला, "त्या खोलीत पाय ठिवणार न्हाई." सुंदरराव म्हणाले, "कागद खोलीचा, सही खोलीतच." दोघांमध्ये निरोप नेऊन आणून मी टपालवाला झालो. शेवटी आज सकाळी सुंदरराव काठी घेऊन आपणहून निघाले आणि आखाड्यावर येऊन उभे राहिले.

बंकट गडबडला. "साहेब, हितं खुर्ची न्हाई."

"मी मागितली का बे?" सुंदरराव बाजेवर बसले, सरकले, शेजारी हात आपटला. "बस."

बंकट उभाच. "हुकूम हाय का?"

"हुकूम न्हाई. इनंती."

बंकट बसला. बाज जरा करकरली, पण टिकली.

मी वरचा सगळा कागद वाचून दाखवला. चौथ्या कलमाशी सुंदररावांनी हात वर केला. "कोणती लढाई, असं इचारलं मी पोराला?"

मी म्हणालो, "इचारलं, साहेब."

त्यांनी हातातली काठी बाजेखाली ठेवली. मग म्हणाले, "लिही. सुंदररावाला अटी मंजूर. खुर्च्या शाळेला द्या. आणि लिही, की हवालदार धोंडीराम यांनी हे मृत्युपत्र आमच्यासमोर वाचलं."

ते म्हणाले तसंच लिहिलं आहे.

लिहून देणार: धोंडीराम सटवाजी चौरे

साक्षीदार:
१. बंकट, निवृत्त लान्स नायक, स्वयंपाकी (सही)
२. सुंदरराव, निवृत्त सुभेदार (सही)

मुक्काम दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड
दि. १२ मे २०१६

ता.क. चि. उत्तरेश्वर, याची एक नक्कल तुला आजच्या टपालाने पाठवत आहे. मेल्यावर वाचायचा कागद जिवंतपणी पाठवला म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. मला तुझं उत्तर माझ्या कानाने ऐकायचं आहे, एवढंच. फोनवर सांगू नकोस. फोनवर तू "बघू आप्पा" म्हणतोस आणि बघणं राहून जातं. हो तर हो, नाही तर नाही, पण पत्राने कळव आणि लवकर कळव. वाट बघणारे आता सुंदरराव, बंकट धरून आम्ही तिघे आहोत.