शांत चेहऱ्याचे बारा फोटो

२ मार्च, सकाळी ६.४५
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. एक, रोज लिहिणे. दोन, चिडणे बंद. (तसा मी चिडत नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.) तीन, चेहऱ्यांच्या लॅबमधली रिसर्चची जागा मिळवणे.

जागा एक, उमेदवार दोन. मी आणि बारीक चष्मा. बारीक चष्म्याकडे दोन डिग्र्या आहेत. माझ्याकडे बावीस वर्षांचे पासपोर्ट फोटो आहेत. फोनवाल्यांनी माझा स्टुडिओ बंद पाडला, लॅबने मला टेंपररी फोटोग्राफर म्हणून घेतलं. आता टेंपररी पुरे. माणूस खुर्चीत बसण्याआधी मला कळतं त्याच्या मनात काय चाललंय. पुस्तकं वाचून हे येत नाही.

३ मार्च, दुपार
लॅबच्या प्रमुख मॅडमनी मीटिंग घेतली. अटी सांगितल्या. चेहऱ्यांचे फोटो जमवायचे: राग, भीती, दुःख, आनंद, किळस, आश्चर्य, आणि काहीच भाव नसलेला शांत चेहरा. नाटकी चालणार नाहीत, खरे हवेत. प्रत्येक फोटो वीस अनोळखी माणसं बघणार आणि ही कुठली भावना ते सांगणार. चौदा जणांचं एकमत झालं तर फोटो पास. असे साठ फोटो, त्यात भीतीचे किमान दहा. मुदत महिनाअखेर. जमलं तर तीन वर्षांची नेमणूक.

प्रत्येक फोटोमागे त्या माणसाचा सहीचा संमती-फॉर्म. जुना फॉर्म कोर्टाच्या समन्ससारखा होता, मीच तो नव्याने लिहून दिला. एक वाक्य फारच जमलं: ‘तुम्ही यातून कधीही, कुणालाही कारण न देता, बाहेर पडू शकता.’ भाषा अशी की कुणालाही एकदा वाचून कळावं. मॅडमनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. बारीक चष्म्याच्या चेहऱ्यावर मत्सर होता. तिने फक्त शिंक दाबली असं ती नंतर म्हणाली. मत्सराच्या बाबतीत मी चुकत नाही.

६ मार्च, संध्याकाळी ५
रागापासून सुरुवात केली. राग फुकट मिळतो. पेनाएवढा कॅमेरा शर्टाच्या खिशाला लावला. एक टेंपोवाला गाडी मागे घेत होता, त्या जागेत जाऊन उभा राहिलो. हॉर्न. हललो नाही. परत हॉर्न. बुटाची लेस बांधायला बसलो. तो खाली उतरला. फोटो फर्स्ट क्लास, कपाळावरची शीरसुद्धा आली आहे. मग डाव्या कानाखाली एक. कान अजून वाजतोय. त्याच्यापुढे सहीचा फॉर्म धरला तेव्हा त्याला जे वाटलं ते आश्चर्य. तोही फोटो मिळाला. एका थपडेत दोन भावना.

८ मार्च, दुपार
व्यायामशाळेचा कोच. त्याला म्हटलं की तुझी वजनं आतून पोकळ असावीत. बरगडीवर ठोसा. मी वाकलो होतो तेव्हा त्याने फॉर्म माझ्याच पाठीवर ठेवून सही केली. अक्षर छान आहे.

११ मार्च, सकाळी ७.१५
शांत चेहऱ्यासाठी बाहेर वणवण कशाला करायची? घरात आहे की. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हिचा एक फोटो काढायचा, असं ठरवलं. आज पहिला.

काल संध्याकाळी माझा कप भिंतीवर गेला. चहा गार होता, बरगडी दुखत होती, कपही निसरडा होता. चिडलो वगैरे नव्हतो. हिने काचा भरल्या. आज सकाळी भिंतीवर डाग, त्याच्यापुढे ही. काय बसली! नजर सरळ माझ्यावर. पापणी हलली नाही. ओठांवर बारीकसं हसू. बावीस वर्षं लोकांना हलू नका, हलू नका म्हणून घसा कोरडा केला, आणि इतकं स्थिर बसणारं माणूस माझ्याच घरात होतं. सहीच्या जागी मीच सही केली. नवरा-बायकोत कसली संमती.

ही दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर असते. मधेच म्हणाली की तिच्याकडे सर्वांत जास्त घाबरलेले पेशंट हसत बसतात. मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. तिला लगेच पटलं. हल्ली तिला माझं सगळंच लगेच पटतं. सुखी संसार म्हणतात तो हा.

१२ मार्च
दुःख. जनावरांच्या दवाखान्यात गेलो. एक बाई म्हातारं मांजर मांडीवर घेऊन रडत होती. फोटो बरा येत होता, पण अश्रू पुरेसे नव्हते. म्हणून विचारलं की हे गेल्यावर दुसरं आणणार का. दुःख हवं होतं, मिळाला राग, आणि तोही छत्रीसकट. भुवईवर फुटलं आहे. मांजरानेही पंजा मारला. मांजराचा फॉर्म लागत नाही.

१४ मार्च, दुपारी ३
गोणी उतरवणाऱ्या एका हमालाला मी शेजारी उभा राहून गोणी कशी धरावी ते शिकवलं. कोपर. खालचा दात अर्धा गेला.

हिच्याच क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरने माझा दात पाहिला, मग काउंटरवर हिच्या हाताकडे पाहिलं. बोटाला पट्टी होती. तिला विचारलं हे कशाने. ती म्हणाली दारात सापडलं. खरंच आहे. दार मी लावलं. बोट तिने मधे ठेवलं होतं. जरा जोरात लागलं असेल, त्या दिवशी कोचचा फोटो हलल्यामुळे बाद झाला होता.

डॉक्टरने मला भुलीचं इंजेक्शन कमी दिलं असा माझा अंदाज आहे. दात उपटताना त्याचा चेहरा खास होता. मी नोंद केली: कामात एकाग्रता.

१७ मार्च, सकाळी ११
भीती शून्य. नुसतं शून्य! राग ढिगाने जमलाय, भीती एक नाही. प्रयत्नात कसूर नाही. लिफ्टमध्ये एका वकिलाच्या कानात किंचाळलो, त्याने डोक्यात ब्रीफकेस घातली. एका पोस्टमनच्या मागे धावलो, तो थांबून वळला आणि मग मी धावलो.

आज शेवटी बारीक चष्म्यालाच धरावं म्हटलं. कॉरिडॉरच्या वळणावर हातोडी घेऊन उभा राहिलो. ती आली, मी उडी मारली. तिच्या हातात कॅमेऱ्याचा स्टँड होता हे माझं दुर्दैव. डोक्याला चार टाके. फोटोत पुन्हा रागच. लोकांची भीती मी क्लिक करेपर्यंत टिकतच नाही, लगेच उलटते. ज्याला उलटता येत नाही असं माणूस शोधायला हवं. मॅडमनी लेखी ताकीद दिली आणि हातोडी जमा करून घेतली. हातोडी माझी स्वतःची होती.

१८ मार्च, सकाळी ७.१५
हिचा आठवा फोटो. उत्तम. काल ताकीद मिळाल्यामुळे जेवताना थोडं टेबल उलटं झालं होतं. आज तिने ते सरळ करून, पुसून, फोटोसाठी तयार ठेवलं. सहकार्य असावं तर असं.

२० मार्च
प्रिंटरमध्ये फॉर्म अडकला. लाथ घातली. प्रिंटर माझ्या पायावर पडला. अंगठ्याचं नख काळं पडलं. यंत्राला भावना नसतात यावर माझा आता विश्वास नाही.

घरी आलो तर मेहुणा बसलेला. सुतार आहे, दाराएवढा आहे. आमच्या आतल्या दाराची बिजागरी उखडली होती, तो ती बसवत होता. ती कशी उखडली ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माणसं समजूतदार आहेत. त्याचा फोटो घेतला, पटाशी हातात, नजर माझ्यावर, एकदम शांत. सही मात्र दिली नाही. म्हणाला, ताई स्वतःच्या हाताने सही करेल त्या दिवशी मी करीन. हा सुतार कोड्यात कधीपासून बोलायला लागला?

२२ मार्च, सकाळी ७.१५
हिचा बारावा फोटो. शांत गट पूर्ण. आज ती मांडीवर पर्स घेऊन, चप्पल घालून बसली होती. क्लिनिक दहाला उघडतं. इतका वक्तशीरपणा मी कुणात पाहिला नाही. फोटो झाल्यावर सगळे फोटो त्या वीस जणांकडे पाठवून दिले.

नेमणूक झाल्यावर हिला एक छान कपांचा सेट आणायचा. (प्लास्टिकचे बरे पडतील.)

२५ मार्च, दुपारी ४
निकाल.

बाकीच्या सगळ्या गटांत मिळून एक्कावन्न पास. शांत गटात एकही नाही! ते बारा फोटो वीस जणांनी उचलून भीतीत टाकले. भीतीत! आठ फोटोंवर वीसपैकी वीस. मी मॅडमना सांगितलं की हे वीसजण आंधळे आहेत, बाई चक्क हसतेय. मॅडम म्हणाल्या, इतकी खरी भीती त्यांनी आजवर फोटोत पाहिली नव्हती.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भीतीचे दहा हवे होते, बारा मिळाले. एकूण त्रेसष्ट! जागा माझी! शास्त्रात मोठे शोध असेच चुकून लागतात. मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. ही बाई कोण, असं त्यांनी विचारलं. अभिमानाने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तोंडाचा एक कोपरा किंचित वर. मी नोंद केली: कौतुक.

मग त्यांनी बारा फॉर्म काढले आणि माझा अर्ज शेजारी ठेवला. अक्षर एकच आहे म्हणाल्या. खरी सही हवी, आणि नवे कोरे फॉर्म घेऊन ती घ्यायला त्या स्वतः जाणार, हिला एकटीला भेटणार. तोवर मी लॅबमध्ये यायचं नाही. सही नाही मिळाली तर बाराच्या बारा फोटो पुसणार.

सहीचं काय मोठंसं. आजवर ती मला कुठल्या गोष्टीला नाही म्हणाली आहे?

२५ मार्च, संध्याकाळी ६
ही घरी नाही. पर्स नाही. कपाटातल्या तिच्या बाजूला फक्त हँगर आहेत. बशा धुवून पालथ्या घातलेल्या आहेत. एक फोडली. मग आणखी चार.

२६ मार्च, दुपार
मेहुण्याकडे गेलो. दार ठोठावलं. मग बुक्क्या. मग लाथ (काळ्या नखाच्याच पायाने). तीन वर्षांची नेमणूक आहे म्हणून ओरडलो, फक्त सहीचा प्रश्न आहे, दोन मिनिटांचं काम. मेहुण्याने दार थोडं उघडलं. मी हात आत घातला.

दार त्याने लावलं. बोट मी मधे ठेवलं होतं.

हाडांचा डॉक्टर म्हणतो दोन ठिकाणी मोडलं आहे. कशाने, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, दारात सापडलं. मी हसून म्हणालो. का हसलो ते कळलं नाही. मेहुण्याच्या फोटोवर वीसपैकी वीस जणांनी राग लिहिलं होतं, हेही आज कळलं.

२९ मार्च
डाव्या हाताने लिहितोय. हिला पत्र लिहिलं. चार पानं. तीन पानं सहीबद्दल होती, ती फाडली. चौथ्यावर लिहिलं होतं की कप निसरडा होता. तेही फाडलं. रिकामा लिफाफा पाठवणं बरं दिसत नाही म्हणून पाठवला नाही.

तिने माझ्याशी नीट बोलावं, एवढंच हवंय. आणि सही.

३१ मार्च, दुपारी १२.३०
मॅडमनी लॅबच्या दारातच उभं केलं. बारीक चष्म्याला जागा मिळाली. तिने मला पाहिलं आणि हातातला स्टँड जरा वर धरला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहिणार नाही. मला ओळखता आलं.

मॅडमनी माझ्यासमोर बारा फोटो पुसले. एकेक करून, स्क्रीनवर आधी हिचा चेहरा यायचा, मग जायचा. बारावा गेला तेव्हा मी जरा थांबा म्हणालो. त्या थांबल्या नाहीत.

हिला भेटून आणलेले नवे फॉर्म मला दिले. बाराही फॉर्मवर सहीची जागा रिकामी आहे. हिने बाकी कुठे काही लिहिलेलं नाही. फक्त प्रत्येक फॉर्मवर एका ओळीखाली पट्टीने सरळ रेघ मारली आहे. हात जराही हललेला नाही.

‘तुम्ही यातून कधीही, कुणालाही कारण न देता, बाहेर पडू शकता.’

माझंच वाक्य. कुणालाही एकदा वाचून कळावं असं. मी टेबलाशी बसून बाराही फॉर्म वाचले.