हा बी आला कुठून?

प्रिय धाकट्या,

तुझा पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीकडून मिळवला. आधी तिने साफ नाही म्हटलं. मी तिच्या पायरीवर ठाण मांडून बसले, तेव्हा वैतागून चहा आणून दिला आणि चहाबरोबर पत्ताही. पत्र न वाचता फाडशील तर दुसरं येईल, मग तिसरं. तुझी ताई किती चिवट आहे, हे तुला सांगायला नको.

मी बरी आहे. शिवणाच्या दुकानात कापड बेतताना गुडघ्याची वाटी अजून सरकते, मग टेबल धरून उभी राहते. अंगठ्यांची नखं बाबांसारखीच, अर्धी. बाबांची मूत्रपिंडं गेली तेव्हा इस्पितळात आपल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. डॉक्टर सहज बोलून गेले की या घरात नखं, गुडघे आणि मूत्रपिंडं बिघडवणारा हा आजार असलेले सगळे बी गटाचे आणि धडधाकट ते ओ. बाबा, आत्या, मी बी. काका आणि आत्याचा मुलगा ओ. मग तुझा कागद आला. नखं चांगली, गट बी. आणि काका सगळ्यांदेखत म्हणाले, "आई ओ, बापाचा बी आजारासकटच येतो, मग हा बी आला कुठून?" बाबा ऐकत होते. ते गप्प राहिले. आईही. त्याच आठवड्यात तू पिशवी उचललीस.

पुढे मी बाबांना विचारलं, की काकांना अडवलं का नाही? त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण शेवटच्या दिवसांत त्यांनी या आजाराचा अभ्यास करणाऱ्या संशोधन केंद्राला आपलं रक्त दिलं, ते तिथे अजून जपून ठेवलंय. म्हणून मी तिथे गेले. तिथल्या संशोधक बाईंना काकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्या हसल्याच. म्हणाल्या, गुणसूत्रांची जोडी असते, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. मुलाला द्यायच्या आधी दोन्ही शेजारी येतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करतात. जवळजवळ असलेली जनुकं बहुतेक एकत्रच पुढे जातात, लांबची सहज वेगळी होतात. ताटातूट किती वेळा झाली यावरून त्यांच्यातलं अंतर कळतं, आणि असं एकेक अंतर जुळवत गुणसूत्राचा नकाशा तयार होतो. रक्तगटाचं जनुक आणि आपल्या आजाराचं जनुक शेजारी आहेत, पण चिकटलेली नाहीत. बाबांचा बी तुझ्याकडे आला, आजार मध्येच सुटून मागे राहिला. बाबांचा मुलगा असूनही असं होऊ शकतं. मी दुकानात परतले आणि भर गिऱ्हाइकांत रडले. मग काकांच्या घरी जाऊन हे सगळं त्यांना समजावलं. त्यांना किती कळलं देव जाणे, पण मान खाली गेली.

आता खरं सांगते. माझ्या लेकीची नखं माझ्यासारखीच आहेत, आणि परवाच्या तपासणीत तिच्या लघवीत प्रथिनं सापडली. औषध उद्या मिळणार नाही, बाई खोटी आशा लावत नाहीत. पण जनुकाची जागाच ठाऊक नसेल तर शोध लागणार कुठून? आमच्या सगळ्यांत दोन्ही जनुकं एकत्रच राहिली, त्यामुळे आमच्या रक्तातून जागा नेमकी कळत नाही. तुझ्यात तुकडा कुठे तुटला हे पाहिलं की आजार त्याच्या पलीकडे आहे एवढं तरी ठरेल. त्यासाठी बाबांच्या रक्ताशेजारी तुझं ठेवावं लागेल, आणि तू कुणाचा हेही त्यातून कळेल. ते तुला किती लागेल, मला माहीत आहे. म्हणून आईला विचारलं. इतकी वर्षं गप्प असलेली ती बाई बाही वर सरकवून म्हणाली, "आधी माझं रक्त घ्या. आणि धाकट्याला सांग, माझ्यासाठी येऊ नकोस. मला उत्तर माहीत आहे. भाचीसाठी ये." रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघी तुझ्याकडे यायला निघतोय. दार उघड.

तुझीच,
ताई