सुहासची टोपी

शनिवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. आज आईला घेऊन गाइडेड टूरने धबधबा बघायला गेलो. वाटेच्या सुरुवातीलाच इथल्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या माओरी गाइडने सगळ्यांना थांबवून त्या पाण्यासाठी प्रार्थना म्हटली. माझा नवरा टोपी काढून, डोळे मिटून उभा! घरच्या देवापुढे दोन मिनिटं थांबत नाही, तो सुहास. असो. चांगलंच केलं.

धबधब्यापाशी आई वाकली. पाण्यात पाय टाकण्याआधी तिने ओंजळीतलं पाणी डोळ्यांना लावलं. पाय लागणार म्हणून ती प्रत्येक नदीची अशी माफी मागते. तर हा म्हणतो, ‘आई, इथे असलं काही नका करू हं, लोक बघतायत.’

आई पाय न भिजवताच मागे फिरली. हौसेने घेतलेल्या नव्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, कोरड्याच घरी आल्या. मी तिथेच का नाही बोलले?

आणि आता हा फोनवर मित्राला सांगतोय, ‘काय स्पिरिच्युअल वाटलं रे! मी तर टोपीच काढली.’ मी कुकर आपटला.

कोथिंबीर निवडता निवडता आई हळूच म्हणाली, ‘सुहासरावांनी टोपी काढली, तेव्हा लोक बघत नव्हते का गं?’