कुलुपाचा पाचवा तुकडा

चि. गेणू यास,

थोरल्या बहिणीचा, बानूबाईचा, आशीर्वाद. पणदऱ्यात आमी सगळी खुशाल. अंथुर्ण्याला तुझी तब्येत, तुझ्या शेळ्या आणि तुझा रुसवा कसा हाय? पहिली दोन बरी असतील, तिसऱ्यानं बाळसं धरलं असणार. दूध संस्थेच्या कार्यक्रमात माझ्या लेकानं, दादासाहेबानं, तुझ्या आधी कुणा सभापतीला फेटा बांधला, तवापासनं मामा-भाच्यात बोलणं न्हाय आणि तू माझा उंबरा चढला न्हाईस. फेटा डोक्याला बांधतात रं, तुझ्या पायात कसा अडकला? (हे नात प्रतिक्षा लिहून घेती हाय. ती सारखं सुधारून लिहीत होती. म्हटलं, मी बोलते तसंच लिही, न्हायतर आजोबा ओळखायचे न्हाईत.)

तर संस्थेचा कॉम्प्युटर. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तू तितं होतास, तरी सांगते, कारण तवा तू मिशी कुरवाळण्यात गुंग होतास. सुनेचा भाऊ मोहनराव पुण्याहून आला आणि म्हणाला, अमेरिकेतल्या एका पंडितानं कागदावर गणित मांडलंय, पुढंमागं असं एक यंत्र येईल की कॉम्प्युटरची आजची कुलपं चुटकीसरशी उघडतील. वर म्हणाला, चोर माहितीच्या बंद पेट्या आजच पळवून ठेवतील, यंत्र आलं की उघडतील. मी विचारलं, आपल्या दुधाचं फॅट वीस वर्षांनी चोरून त्याचं दही लावणार व्हय? दादासाहेब म्हणाला, आई, तू गप. (चेअरमन झाल्यापासनं त्याला एवढंच वाक्य येतं.)

बाजारात तुरी नि भट भटणीला मारी! यंत्र जन्मायच्या आधीच बंदोबस्त ठरला. पासवर्डाचे पाच तुकडे करायचे, पाच शहाण्यांनी एकेक तुकडा मनात ठेवायचा, आपल्याच बोटानं दाबायचा. पाची जुळल्याबिगर कुलूप निघायचं न्हाय. पाचवा तुला दिला, बाहेरगावचा आणि पोटात गोष्ट राहणारा म्हणून. (गोष्ट पोटात राहते, राग तेवढा नाकावर.) दुसऱ्या दिवशी फेट्याचं निमित्त झालं आणि तू तुकड्यासकट निघून गेलास. चोर यायचा तवा येईल, आज घरचीच माणसं दाराबाहेर बसली. कुणाच्या दुधाला किती फॅट, सगळं आत अडकलं. आता मालकांचं ऐकावं तर गावातली प्रत्येक म्हैस नुसतं लोणीच देती हाय. कॉम्प्युटर परत धाडा, असं मंडळी म्हणतात. दादासाहेब चौकडं हेलपाटे घालतो, पण अंथुर्ण्याचं नाव काढलं की त्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल नसतं.

तवा शहाण्या, तेवढा तुकडा कळव. पोराबाळांना आशीर्वाद, शेळ्यांनाबी.

तुझी आक्का

ता. क. तुकडा कळवू नको. कुलूप कवाच निघालं. प्रतिक्षाला म्हटलं, पुरुषमाणसाला गुपित ठेव म्हटलं तर तो काय ठेवणार? स्वतःचं नाव. आबाजीनं ‘आबाजी’, तात्याबानं ‘तात्याबा’, सोपाननं ‘सोपान’, आमच्या चेअरमननं ‘दादासाहेब’. तुझ्यापाशीच गाडं अडलं. ‘गेणू’ झालं, ‘गेणूबा’ झालं. मग मीच म्हटलं, पोरी, ‘राव’ लावून बघ. खटकन उघडलं. त्या अमेरिकेच्या पंडिताला कुणीतरी थोरली बहीण द्या.

आणखी ता. क. हे मोठ्यानं वाचू नको. दादासाहेबाला यातलं काहीच ठाऊक न्हाय. तुझ्यावाचून कुलूप निघत न्हाय म्हणून शेवटी नमला, सोमवारी तो स्वतः फेटा घेऊन तुला न्यायला येतोय. आढेवेढे दोनदा घे, मामाचा मान हाय. तिसऱ्यांदा घेतलेस तर उघडलेलं कुलूप मी त्याला दाखवीन, मग बस अंथुर्ण्यात मिशी कुरवाळत.