शेडची उंची

गुरुवार, ७ फेब्रुवारी १९७४

चारही खांब उभे राहिले! सकाळी खंडू आला तेव्हा अंगणात नुसते खड्डे होते. आता बघावं तर चार लोखंडी खांब ताठ. ओळंबा लावून पाहिला — एकही तसूभर कलला नाही.

खंडू माझ्याच टूलरूममधला. काँक्रीट कालवता कालवता म्हणाला, "राव, मोटारसायकलीला एवढा बंगला? थेरगावात माणसं याच्या निम्म्यात राहतात!"

त्याला काय सांगू. खडकीच्या लष्करी लिलावातून ती मोटारसायकल आणली त्याला दोन पावसाळे झाले. ताडपत्रीखाली पडून आहे. इंजिन उतरवायचं तर वर चेन-पुली पाहिजे, पुली टांगायची तर उंची पाहिजे. बाजूला बाक, व्हाइस, एक जुना ग्राइंडर. कंपनीत दिवसभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे लोखंड कापतो. एकदा तरी आपल्या मनातलं कापून बघायचंय.

आबा दिवसभर ओट्यावर बसून बघत होते. संध्याकाळी सुनेला, प्रभाला म्हणाले, "लई उंच दिसतंय गं."

रविवार, १० फेब्रुवारी

दुसरी पाळी. जायच्या आधी खांबांच्या बुडाला पाणी मारलं. बाकी काही नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सुट्टीचा पूर्ण दिवस गेला, पण छपराच्या लोखंडी कैच्या चढल्या. खंडू वर, मी वर, खालून दोर ओढायला वस्तीतले दोघंतिघं. आबांचे गुडघे गेलेत, नाहीतर तेही ओढायला आले असते.

गुडघ्यांचंच तर सगळं चाललंय. त्यांना आता थेरगावातून चिंचवड स्टेशनपर्यंतही चालवत नाही. मोटारसायकलीच्या मागे पाय टाकून बसणं तर लांबच. म्हणून माझ्या डोक्यात साइडकार आहे. मोटारसायकलीच्या बाजूला जोडायची, लष्करातल्यांना असते तशी, पण घरी बनवलेली. अँगलचा सांगाडा, पत्र्याचं अंग, आत गादी. आज आबांना कागदावर चित्र काढून दाखवलं.

"ह्यात मी बसू? गावातनं?"

"मग काय झालं?"

"लोक काय म्हणतील!"

हे एक वाक्य आबांच्या तोंडी इतकं बसलंय, की झोपेतसुद्धा म्हणत असतील.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

पत्रे चढले! नवे कोरे, बघवत नाही इतके चमकतात. प्रभा शाळेतून आली आणि डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. म्हणाली, "आता रंगाचं बघा काहीतरी, नाहीतर गाव आंधळं होईल." खूप हसलो.

मग मालोजीराव आले. पश्चिमेला त्यांचंच घर, मध्ये कंबरेएवढी दगडी भिंत. ही जागा मी त्यांच्या चुलत भावाकडून घेतली तेव्हापासून ते आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. आज भिंतीपाशी येऊन उभे राहिले. वर बघितलं. म्हणाले, "ज्योतीराम, तुझ्या शेडची सावली आमच्या अंगणात पडती."

एवढंच बोलले आणि गेले.

आबा ओट्यावरून उठून उभे राहिले होते. मालोजीराव घरात शिरून दार लागलं तरी उभेच.

शुक्रवार, १ मार्च

तो शब्द डोक्यातून जात नाही. साधाच शब्द आहे. पत्र्याची सावली पडणारच. मालोजीरावांनी तेवढ्याच अर्थाने म्हटलं असेल. असेलही!

सकाळी चहा घेताना आबा आपणहून बोलले. ते लहान असताना आजोबा गावकीच्या कामाला त्यांना बरोबर न्यायचे. कुणाच्या अंगणात उभं राहायचं तर आधी ऊन कुठून येतं ते बघायचं. पाण्याच्या भांड्यावर, वाळवणावर सावली जाता कामा नये. "उन्हाकडं बघून उभं ऱ्हायला शिकलो मी. अजून बी न्हाई जात. बसस्टापावर सुदिक बघतो."

सतरा-अठरा वर्षं झाली दीक्षा घेऊन. घरात बुद्धाची तसबीर आहे, मी मॅट्रिक, सून शिक्षिका. आणि आबा पिंपरीच्या बसस्टॉपवर ऊन बघून उभे राहतात. मला हे आज कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून.

गुरुवार, ७ मार्च

ठरवलं, मनात कुढत बसण्यापेक्षा सरळ विचारावं. गेलो मालोजीरावांकडे. ते सुपारी कातरत होते. "बस" म्हणाले नाहीत, मीही बसलो नाही.

"सावलीची अडचण काय आहे, सांगा. काही करता आलं तर करू."

उत्तर त्यांच्या बायकोने, अंबूबाईंनी दिलं. दारातूनच म्हणाल्या, "आरं, वाळवणाचे दिवस हायेत. कुरडया घातल्या तर दहा वाजेस्तवर ऊन येत न्हाई अंगणात. आंबूस वास मारतोय."

कुरडया! मला इतकं हलकं वाटलं. मी काय काय मनात आणून बसलो होतो! म्हटलं, "मग आमच्या पत्र्यावर घाला की. सकाळपासून तापतो. प्रभा शिडी लावून देईल."

अंबूबाईंचा चेहरा खुलला. "खरंच की! पत्र्यावर तर एका दिसात खडखडीत व्हतील."

मालोजीराव सुपारी कातरत राहिले. नको म्हणाले नाहीत.

रविवार, १० मार्च

प्रभाला सुट्टी. सकाळीच अंबूबाईंनी भिंतीवरून चिकाचं पातेलं आणि सोऱ्या दिला. त्यांना शिडी चढवत नाही. प्रभाने पत्र्यावर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलं, एकेक कुरडई पाडली. खालून अंबूबाई सांगतायत, "आगं, जवळजवळ नको, चिकटतील!" आणि वरून ही म्हणतेय, "मला येतं हो मावशी!" दोघी हसतायत.

पाळीला निघालो तेव्हा शेडवर पांढऱ्या ओळीच ओळी होत्या. कंपनीच्या गेटपर्यंत एकटाच हसत गेलो.

सोमवार, ११ मार्च

काल संध्याकाळी प्रभाने कुरडया उतरवून भिंतीवरून दिल्या. आज सकाळी त्या मालोजीरावांच्या म्हशीपुढे पडलेल्या. सगळ्या.

मंगळवार, १२ मार्च

प्रभा रडली नाही. वर्गपाठाच्या वह्या तपासत म्हणाली, "बरं झालं. निदान कळलं तरी, कुरडयांचं नव्हतं ते."

शाळा सुटल्यावर अंबूबाई भिंतीशी आल्या होत्या म्हणे. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी न्हाई टाकल्या गं, पोरी." प्रभाने विचारलं, "मग तुम्ही अडवलं का?" त्या आत निघून गेल्या.

मला वाटतं, प्रभा जरा जास्तच बोलली. तिला वाटतं, कमी बोलली.

गुरुवार, २१ मार्च

इंजिन उतरलं! चेन-पुली खडखडत वर गेली आणि इंजिन सांगाड्यातून अलगद हवेत. खंडूने टाळ्या पिटल्या. मी नुसता बघत राहिलो. इतकं वजन, आणि एका हाताने झोका द्यावा तसं हलत होतं. उंची बरोबर धरली होती मी — एक हात कमी असती तर पुली बसलीच नसती.

साइडकारचा सांगाडाही जोडून झाला. आत तात्पुरती एक उशी टाकली.

चहा प्यायला घरात गेलो, परत येतो तर शेडची दारं आतून ओढलेली. फटीतून बघितलं. आबा साइडकारमध्ये बसले होते. दोन्ही हात कडेला धरून, समोर बघत. फेटा नीट केला त्यांनी. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, रस्त्याने चालल्यासारखं.

मी पाऊल न वाजवता परत फिरलो.

शुक्रवार, २९ मार्च

मालोजीराव पंचायतीत जाऊन आले. ग्रामसेवकांनी सांगितलं म्हणे — जागा त्याची, शेड हद्दीच्या आत, आम्ही काय करणार. मला वाटलं, विषय संपला.

नाही संपला. आबा दुकानातून तंबाखू घेऊन येत होते. मालोजीरावांनी पारावरून हाक मारली, चार माणसांत. "ए कोंड्या! पोराला सांग, डोक्यावर घेतलंय ते खाली घ्यायला."

आबा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे आहेत.

हे मला आबांनी नाही, प्रभाने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, "सोड. तसंच म्हणतात पहिल्यापासनं."

बुधवार, ३ एप्रिल

आजचं सगळं नीट लिहितो.

पहिली पाळी सुटून आलो. लांबूनच दिसलं, शेडवर कुणीतरी आहे. धावलो. आबा! दोन्ही गुडघे पत्र्यावर टेकून पान्याने बोल्ट सोडवत होते. एक पत्रा सुटून खाली पडलेला. शिडी कशी चढले, देव जाणे — देव म्हणायची सवयही जात नाही.

"आबा, खाली या!"

"एवढा एक सोडवतो."

वर चढलो आणि पाना हिसकावून घेतला. मी ओरडलो त्यांच्यावर. म्हणालो, "अजून किती वाकणार? तुम्ही वाकलात म्हणून ते बोलतात!" सगळ्या गल्लीने ऐकलं असेल.

आबा पत्र्यावरच बसले. तापला होता पत्रा, पण उठले नाहीत. म्हणाले, "तू सकाळी कंपनीत जातोस, ज्योती. सून साळंत जाती. दिसभर हितं कोण असतं? त्या रस्त्यानं कोण जातं? मी जातो. शेड तुझी, बोलणी मी खातो. मला न्हाई सोसत आता. मी मेलो का कर तुला पाहिजे तेवढी उंच."

मी त्यांना वाकू नका म्हणत होतो, पण ते ज्या रस्त्याने जातात तिथे मी कधी नसतोच. धीट मी आहे, कारण आठ तास मी दुसऱ्या गावात असतो. कंपनीत ज्योतीराम फिटर. तिथे सावलीबद्दल कुणी बोलत नाही.

त्यांना धरून एकेक पायरी खाली आणलं. पायाला भाजलं होतं, प्रभाने खोबरेल लावलं.

शेड खाली घेतो म्हणालो.

गुरुवार, ११ एप्रिल

घेतली. कैच्या उतरवल्या, खांब वरून दीड फूट कापले, नवी भोकं पाडली, बाजूचे पत्रेही कापले. हॅक्सॉ चालवताना खंडू मालोजीरावांच्या घराकडे बघून शिव्या देत होता. मी म्हटलं, "त्यांच्यासाठी नाही करत, आबांसाठी करतोय." म्हणाला, "भावा, बघणाऱ्याला कसं कळणार कुणासाठी केलं ते?"

पुली आता बसत नाही. लाकडी फळ्यांवर टेकवून आणि चारचार हात लावून इंजिन कसंबसं परत चढवलं. खंडूचं बोट चेंगरलं. इंजिन चालू झालं तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही.

प्रभा दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

रविवार, १४ एप्रिल

जयंती. वस्तीत निळे झेंडे, ढोल, पांढरेशुभ्र कपडे. मोटारसायकल साइडकारसकट मिरवणुकीत घेतली. आबांना म्हटलं, बसा. नाही म्हणाले. पण साइडकारच्या कडेवर हात ठेवून शेवटपर्यंत बाजूने चालत आले. गुडघे दुखत असताना! आत लहान पोरी बसवल्या होत्या. त्यांना पडू नका, पडू नका म्हणत होते.

पाराशी मिरवणूक थांबली तेव्हा त्यांचा हात कडेवर घट्ट झालेला मी बघितला. मालोजीराव तिथे नव्हते.

मंगळवार, १६ एप्रिल

मी पाळीवर असताना आबा मालोजीरावांकडे जाऊन आले. धुतलेलं धोतर, फेटा, सगळं करून. मुद्दाम सांगायला — पोरानं शेड खाली घेतली, आता राग धरू नका. प्रभाने शाळेतून येताना बघितलं. मालोजीराव ओट्यावर बसलेले आणि आबा खाली अंगणात उभे. काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. अंबूबाई दारात होत्या, पदर तोंडाला लावून.

परत आले ते शेडमध्ये जाऊन बसले. जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई." फेटाही काढला नाही.

बुधवार, १७ एप्रिल

पहाटे पाळीला निघालो तर आबा दारात उभे. म्हणाले, "मालोजी म्हणला, आणखी खाली घे."

नुसतं मालोजी! जन्मात पहिल्यांदा 'राव' नाही.

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "शेड वर घे. पहिली होती त्याच्यापरीस उंच. कुणी इचारलं तर माझं नाव सांग."